तिसरा रकाना

पाटीवर डॉक्टर भावसार, खाली दवाखान्याची वेळ,
आणि दाराशी खुर्चीवर मी, तेवीस वर्षं.
दांडिया बाजारात मला मृणालबेन म्हणतात,
घरी नुसतं मृणाल,
कुत्र्यांच्या लेखी बहुधा
डेटॉलचा वास आणि खिशातला टोस्ट.

नोंदवही माझ्याकडे. रकाने चार :
नाव, वय, जात (जी बरेचजण चुकीची सांगतात),
तक्रार.
मालकाचं नाव मी समासात लिहिते.

लोक विचारतात, बेन, घरात मुलं आहेत,
सासूबाई आहेत, खोल्या दोन,
कुठली जात घ्यावी?

मी लगेच सांगत नाही. वही मागे चाळते.

लॅब्रेडॉर म्हणाल तर कारेलीबागेतला जांबू.
उत्तरायणाला पातेलंभर उंधियू त्यानं एकट्यानं संपवलं,
दोन दिवस इथे टेबलावर कण्हत पडला
आणि सुई टोचणाऱ्याचाच हात चाटत राहिला.
राग त्याला शिकवूनही यायचा नाही.
पोरांच्या घरी असाच हवा.
फक्त ओट्याची उंची बघून घ्या.

पॉमेरियन हल्ली कुणी मागत नाही.
पण पुराच्या त्या रात्री
विश्वामित्रीतली मगर जिन्याखाली येऊन बसली होती
आणि फणश्यांची पिंकी, जेमतेम चार किलो,
दुसऱ्या मजल्यावरून पहाटेपर्यंत भुंकत होती.
फणसे तिच्यावरच खेकसले.
उजाडल्यावर चिखलात शेपटाची रेघ दिसली
तेव्हा गप्प बसले.
तक्रारीच्या रकान्यात मी लिहिलं : आवाज बसला आहे.

शिर्केमामींना ऐकू येत नाही.
बेल वाजली की त्यांचा अल्सेशियन
येऊन कोपर ओढतो,
दूधवाल्यासाठी हलकं,
भिशीवाल्या बायकांसाठी जरा जोरात.

मुधोळ? छान असतो. पण दोन खोल्यांत
वारा कसा कोंडाल?

आणि हस्की.
इथे मी पेन खाली ठेवते.

सलाटवाड्यातल्या पागेदारांच्या ऋत्विजनं आणला,
ऐन मे महिन्यात, निळ्या डोळ्यांचा.
वर्षभरात ऋत्विज कॅनडाला गेला, बर्फात.
बर्फातला जीव राहिला इथे, उन्हात.

पागेदारकाकांनी जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता.
"कोणी घेऊन जाणारं असेल तर बघा ना,"
आठवडाभर येत होते. मी तीन पत्ते लिहून दिले.
त्यांनी कागदाची नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवली.

मग उन्हाळा लागला.
काकांनी पलंगाकडचा कूलर
थोडासाच, फरशीकडे वळवला.
पहाटे पावणेपाचला कमाटी बागेच्या फाटकाशी
एक काठी, एक झुबकेदार शेपूट
रोज एकाच चालीनं दिसू लागली.

रविवारी फोन येतो. मुलगा म्हणतो,
आधी त्याला दाखवा.
तो आवाज ओळखतो, पडदा हुंगतो,
मग फोनच्या मागे जाऊन बघतो.
तिथे काकूंचा हात असतो, लसूण सोललेला.
तोच जरा वेळ हुंगून
तो खाली बसतो.

काल लसीला आले होते.
चष्मा काढताना खिशातून कागद पडला,
धुण्यात जाऊन जाऊन पिठूळ झालेला,
तिन्ही पत्ते पुसलेले.
आम्ही दोघांनीही तो पाहिला नाही.

"बेन, हस्की कोणाला सुचवू नका," काका म्हणाले,
"आपल्या हवेत हाल होतात बिचाऱ्यांचे."
आणि त्याच्या कानामागची गाठ
बोटांनी सोडवत,
"म्हणजे, हा सोडून."

हां, तर तुमच्या दोन खोल्या.
पंखा कुठल्या खोलीत आहे म्हणालात?